जुन्या संगणकाचे विष कोणाच्या वाट्याला?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगभरातील कोट्यवधी संगणक एका निर्णयाने म्हातारे ठरले. त्यांत कसलाही बिघाड झालेला नव्हता. आदल्या दिवशी त्यांवर पत्रे लिहिली गेली होती, पगारपत्रके तयार झाली होती, विद्यार्थ्यांनी धडे गिरविले होते. दुसऱ्या दिवशीही ही सारी कामे ते करू शकत होते. परंतु ज्या विंडोज १० या प्रणालीवर ते चालत होते तिची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी थांबविली. नवी प्रणाली घ्यावी म्हटले, तर ठराविक सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर असल्याखेरीज ती चढणार नाही, अशी अट कंपनीनेच घालून ठेवलेली होती. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज वर्तविला होता की, या एका निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. काही मुदतीपुरते वाढीव संरक्षण देण्याची सोय कंपनीने पुढे केली, हे खरे. पण तिच्यामुळे या यंत्रांचे मरण लांबले, टळले नाही.

एखादी वस्तू कचरा केव्हा होते, हे ठरविण्याचा अधिकार ती वापरणाऱ्याकडून निघून ती विकणाऱ्याकडे गेला आहे, ही या घटनेची पहिली शिकवण. परंतु अधिकार जसा विकणाऱ्याकडे गेला तशी जबाबदारीही त्याच्याकडे गेली काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास कंपन्यांच्या वातानुकूलित कचेऱ्या सोडून मुंबईत कुर्ल्याच्या आणि साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत, दिल्लीच्या सीलमपुरात आणि तेथून पुढे मुरादाबादेस रामगंगेच्या काठी जावे लागते.

जुन्या संगणकांची पर्यावरणाला बाधा न आणता विल्हेवाट लावणे हा विषय आपल्याकडे बहुधा नागरिकांच्या शिस्तीचा म्हणून मांडला जातो. ५ जूनला, पर्यावरणदिनी, कार्यालयाच्या दाराशी एक पेटी ठेवली जाते. तिच्यात काही तारा, मोडके कळफलक आणि निकामी माऊस गोळा होतात, छायाचित्र निघते आणि पुढच्या जूनपर्यंत विषय मिटतो. पेटीतील माल पुढे कोठे गेला, तो कोणी फोडला, त्याला मजुरी काय मिळाली आणि त्याच्या फुप्फुसांत काय गेले, हे विचारण्याची पद्धत नाही. वस्तुतः जुन्या संगणकाचा प्रश्न हा आधी श्रमाचा प्रश्न आहे आणि त्यानंतर पर्यावरणाचा. जो मनुष्य हे यंत्र आपल्या हाताने फोडतो त्याला कायद्यात, बाजारभावात आणि सामाजिक संरक्षणात स्थान मिळाल्याखेरीज नदीचे पाणीही स्वच्छ राहणार नाही.

संगणकाच्या पोटात

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यांपैकी जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. या राशीत शीतकपाटे आणि धुलाईयंत्रेही येतात, आणि वजनाने पाहता संगणकाचा वाटा लहान आहे. परंतु मोल आणि विष ही दोन्ही संगणकात जितकी एकवटलेली असतात तितकी शीतकपाटात नसतात. संगणकाच्या सर्किट बोर्डांत सोने, चांदी, पॅलेडियम आणि तांबे असते. एक टन बोर्डांत जेवढे सोने सापडते ते सोन्याच्या खाणीतील एक टन दगडापेक्षा कित्येक पटींनी अधिक भरते. त्याच बोर्डांवर जुन्या यंत्रांत शिसे आणि कथील यांचा डाग असतो. जुन्या, काचेच्या नळीच्या पडद्यात तर किलोच्या मापात शिसे असते. नंतरच्या काळातील अनेक सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमिनची संयुगे मिसळलेली असतात, आणि तारांवरचे पीव्हीसीचे आवरण जाळले की डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत मिसळतात.

संगणक टेबलावर असेपर्यंत ही सारी विषे त्याच्या पोटात निद्रिस्त असतात. ती जागी होतात ती त्यातील मोल काढून घेताना. बोर्ड आचेवर धरून त्यावरील चिपा उचकटल्या जातात. तारांचे भेंडोळे उघड्यावर पेटवून तांबे मोकळे केले जाते. सोने सोडविण्यासाठी बोर्डांचे तुकडे तेजाबाच्या पिंपात बुडविले जातात, आणि काम झाल्यावर ते तेजाब गटारात किंवा जमिनीवर ओतले जाते. हे करणाऱ्याच्या हातात मोजे नसतात, तोंडावर फार तर फडके असते. अनेक ठिकाणी हे काम राहत्या घराच्या ओसरीत किंवा गच्चीवर चालते, त्यामुळे घरातील बायका आणि मुले यांतून सुटत नाहीत.

याचा परिणाम काय होतो, हे अज्ञात नाही. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील ग्वीयू हे गाव एके काळी जगाच्या ई-कचऱ्याची राजधानी म्हणून कुप्रसिद्ध होते. तेथील एक ते सहा वर्षे वयाच्या १६५ मुलांच्या रक्ताची तपासणी करणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या, हा धंदा नसलेल्या गावातील मुलांच्या मानाने ग्वीयूच्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि झालेली हानी भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच विषयावर अहवाल काढून जगाला इशारा दिला. म्हणजे ज्या यंत्रावर एका घरातील मूल शिकून शहाणे होते, त्याच यंत्राच्या अवशेषांनी दुसऱ्या घरातील मुलाची शिकण्याची शक्तीच हिरावली जाते. विषमतेचे याहून विदारक उदाहरण शोधावयास दूर जावे लागणार नाही.

निर्लेखनानंतर

एखाद्या सरकारी कचेरीतील संगणकाचा शेवट कसा होतो ते पाहावे. यंत्राची मुदत संपली की नोंदवहीत त्याचे निर्लेखन होते, लिलाव पुकारला जातो, आणि सर्वांत चढी बोली करणाऱ्याला माल मिळतो. मेख येथेच आहे. ज्याला विषारी भागांची विधिवत विल्हेवाट लावण्याचा खर्च करावयाचा आहे, तो चढी बोली करूच शकत नाही. जो ते भाग नाल्याकाठी टाकून मोकळा होणार आहे, त्यालाच अधिक किंमत देणे परवडते. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यालाच माल द्यावा, अशी अट निविदेत घातलेली असली, तरी दारातून बाहेर पडलेला टेम्पो पुढे कोठे रिकामा झाला, हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. तिजोरीत चार पैसे अधिक जमा झाल्याचे समाधान कचेरीला मिळते. त्या चार पैशांची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी रक्तातून वसूल झालेली असते.

घरगुती ग्राहकाची गोष्टही याहून वेगळी नाही. दारावर येणारा भंगारवाला जुन्या संगणकाचे रोख पैसे हातावर ठेवतो. अधिकृत संकलन केंद्र गाठावयाचे तर रिक्षाभाडे पदरचे घालावे लागते. अशा स्थितीत नागरिकांना बेजबाबदार म्हणून दोष देण्यात हशील नाही. भंगारवाल्यालाही खलनायक ठरविता येत नाही. उलट, या देशात वस्तूंचे आयुष्य वाढविण्याचे जे काही काम आजवर झाले आहे ते फार मोठ्या प्रमाणात त्याच्यामुळेच झाले आहे. सीलमपुरात किंवा कुर्ल्यात येणाऱ्या संगणकातून चालू असलेला प्रत्येक भाग आधी वेगळा काढला जातो. स्मृतिपट्टी, विद्युत्पुरवठ्याची पेटी, पंखा, पडदा या सर्वांना पुन्हा गिऱ्हाईक मिळते. कोणत्याही कारखान्यातील चुरा करणाऱ्या यंत्राला हा विवेक नसतो. ते यंत्र चांगले आणि वाईट दोन्ही सारखेच भरडते.

मुरादाबादची कथा तर अधिकच बोलकी आहे. पितळी भांड्यांसाठी सर्वदूर प्रसिद्ध असलेल्या या नगरीत धातू वितळविण्याचे आणि घडविण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला होते. पितळेच्या धंद्याला उतरती कळा लागली तसतसे तेथील अनेक कारागीर देशाच्या निरनिराळ्या शहरांतून येणाऱ्या सर्किट बोर्डांकडे वळले. रामगंगेच्या काठी काळ्या राखेचे ढीग साचले, आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्याची दखल घेणे भाग पडले. जो कारागीर काल निर्यातीच्या पितळी वस्तू घडवीत होता तो आज चोरटा प्रदूषक म्हणून ओळखला जातो. त्याचे कसब तेच आहे. फक्त समाजाने त्याच्यापुढे ठेवलेले काम बदलले आहे.

कायद्याचे कागद

या विषयावर कायदा नाही अशी तक्रार कोणाला करता येणार नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये झाले आणि मे २०१२ पासून अमलात आले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. २०२२ मध्ये ते पुन्हा नव्याने लिहिले गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व योग्यच आहे. जो वस्तू निर्माण करतो आणि तिच्यावर नफा मिळवितो, त्याच्यावरच तिच्या अंताची जबाबदारी असावी, हे ते तत्त्व होय. उत्पादकाचे विस्तारित उत्तरदायित्व असे त्याचे नाव आहे.

परंतु तत्त्व आणि त्याचा व्यवहार यांत अंतर पडत गेले. २०२२ च्या नियमांनी उत्पादकांना पुनर्चक्रणाची उद्दिष्टे ठरवून दिली. २०२३-२४ साठी ६० टक्के असलेले हे उद्दिष्ट टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांपर्यंत न्यावयाचे आहे. मात्र उद्दिष्ट पुरे करण्यासाठी उत्पादकाने स्वतःचा जुना माल परत घेतलाच पाहिजे असे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याने दिलेली प्रमाणपत्रे विकत घेतली की त्याचे काम भागते. जबाबदारी ही अशा रीतीने खरेदी-विक्रीची वस्तू झाली. आधीच्या नियमांत संकलन केंद्रे आणि सुटे भाग करणारे घटक यांना स्वतंत्र स्थान होते. नव्या रचनेत ते उरले नाही. म्हणजे माल गोळा करणारा आणि तो हाताने सोडविणारा, हे साखळीतील पहिले दोन दुवेच कायद्याच्या दृष्टीआड झाले.

प्रमाणपत्र कशाचे मिळते हेही लक्षात घेण्यासारखे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरविलेल्या पद्धतीत सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या प्राप्तीवर प्रमाणपत्रांचा हिशेब बांधला गेला. शिसेयुक्त काच, पारा, ब्रोमिनमिश्रित प्लास्टिक यांना या हिशेबात मोल नाही. ज्याला बाजारात आधीच भाव आहे त्याचीच कायद्याने आणखी कदर करावी, आणि ज्याच्या विल्हेवाटीसाठी खरोखर पैसा हवा त्याला वाऱ्यावर सोडावे, असा हा उफराटा न्याय आहे. पर्यावरणरक्षणाच्या नियमाचा हेतू धातू मिळविण्याचा असतो की विष आवरण्याचा, असा सरळ प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

कागदावरच्या पुनर्चक्रणाचा धोका काल्पनिक नाही. प्लास्टिकच्या कचऱ्यासाठी अशीच प्रमाणपत्रांची व्यवस्था उभी केली गेली, तेव्हा २०२३ मध्ये गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही कारखान्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत उघडकीस आले. ई-कचऱ्याच्या बाबतीत सरकारने २०२४ मध्ये प्रमाणपत्रांना किमान दर ठरवून दिला. कवडीमोलाने प्रमाणपत्रे विकली जाऊ लागली तर प्रामाणिक कारखाना टिकणारच नाही, हे त्यामागचे कारण रास्त होते. तर २०२५ मध्ये काही बलाढ्य उत्पादक कंपन्यांनी या किमान दरालाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मालाच्या जाहिरातीवर अमाप पैसा उधळणाऱ्या कंपन्यांना त्याच मालाच्या अंत्यविधीचा किलोमागे काही रुपयांचा खर्च मात्र जाचक वाटतो.

किती कचरा निर्माण होतो याविषयीही एकवाक्यता नाही. २०२१-२२ साठी सरकारी आकडा सुमारे १६ लाख टनांचा होता, आणि त्यांपैकी सुमारे ५ लाख २७ हजार टनांवर रीतसर प्रक्रिया झाल्याचे सांगण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा २०२२ चा भारताविषयीचा अंदाज मात्र ४१ लाख टनांच्या घरात जातो. हा फरक बऱ्याच अंशी मोजणीच्या पद्धतीतून आला आहे. सरकारी गणनेत तेव्हा २१ प्रकारच्याच वस्तू धरल्या जात होत्या, आणि २०२२ च्या नियमांनी ही यादी १०६ प्रकारांपर्यंत वाढविली. परंतु कोणताही आकडा प्रमाण मानला तरी निष्कर्ष एकच निघतो. निम्म्याहून पुष्कळ अधिक माल आजही त्याच गल्ल्यांत, त्याच उघड्या हातांनी फोडला जात आहे.

धाडी घालून काय साधते?

यावर एक उपाय नेहमी सुचविला जातो. बेकायदा भट्ट्या बंद कराव्यात, पोलिसांनी धाडी घालाव्यात, आणि सर्व माल आधुनिक कारखान्यांकडे वळवावा. हा उपाय सुचविणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नदीत तेजाब ओतणे हा गुन्हाच आहे, आणि गरिबीच्या नावाखाली त्याचे समर्थन करणे हा गरिबांचाच द्रोह ठरेल, कारण ते पाणी पिणारेही गरीबच असतात. परंतु धाडीने भट्टी विझत नाही, ती दुसऱ्या वस्तीत हलते. जप्त होते ते मजुराचे सामान. माल पुरविणारा बडा ठेकेदार आणि त्याला माल विकणारी मोठी आस्थापना यांच्या दाराशी पोलीस पोहोचत नाहीत. शिवाय हाताला दुसरे काम न देता पहिले काम हिरावून घेणे याला पर्यावरणरक्षण म्हणणे हे फक्त पोट भरलेल्यांनाच परवडते.

कारखाना आला म्हणजे प्रदूषण संपले, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. बेल्जियममध्ये होबोकेन येथे सर्किट बोर्डांतून १७ धातू वेगळे काढणारा जगात नावाजलेला कारखाना आहे. त्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या मुलांच्या रक्तातही शिशाचे प्रमाण वाढल्याचे २०२० मध्ये आढळून आले. मात्र तेथे मुलांचे रक्त नियमाने तपासले जात होते, म्हणून ते आढळले. खरा फरक येथे आहे. कडक आणि उघड तपासणी, कामगारांची संघटना आणि जाब विचारणारी वस्ती यांच्याशिवाय आधुनिक यंत्र हेदेखील मोठ्या प्रमाणावरची भट्टीच ठरते.

मार्ग कोणता?

पहिला मार्ग हा की संगणक कचरा होण्याचीच घाई थांबविली पाहिजे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ मधील अभ्यासानुसार एक टेबलावरचा संगणक आणि त्याचा पडदा तयार करण्यासाठी २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी खर्ची पडत होते. संगणकाच्या एकूण आयुष्यात लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग तो वापरण्यापूर्वी, घडविण्यातच खर्च होतो, असेही त्या अभ्यासाने दाखविले. तेव्हापासून यंत्रे लहान झाली, पण त्यामागचा विचार बदललेला नाही. चांगल्यात चांगले पुनर्चक्रणही हा खर्च परत देऊ शकत नाही. यंत्र आणखी पाच वर्षे वापरले तर मात्र तो खर्च सार्थकी लागतो. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालींचा अंगीकार करून, कोणा कंपनीच्या मर्जीवर न विसंबता संगणकशिक्षण चालविता येते, हे दाखवून दिले आहे. कंपनीने निवृत्त केलेल्या यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली चढवून ते ग्रामीण वाचनालयात किंवा वसतिगृहात चालविता येते. माहिती चोरीला जाईल या भीतीने चालू स्थितीतील यंत्रे फोडून टाकण्याची बँकांची आणि कंपन्यांची पद्धतही अनावश्यक आहे, कारण तबकडीवरील माहिती योग्य रीतीने पुसून टाकणे तंत्रदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे.

याच्याच जोडीला दुरुस्तीचा हक्क येतो. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर, त्यांची दुरुस्ती किती सुलभ आहे याचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली आणि एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ हा हक्क नव्हे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ठराविक वर्षे रास्त दरात पुरविण्याची सक्ती कायद्याने झाली, तरच गल्लीतील दुरुस्ती कारागिराच्या हाताला काम राहील.

दुसरा मार्ग कामाच्या विभागणीचा आहे. संगणक हाताने उघडून भाग वेगळे करणे हे काम योग्य जागा, हवा खेळती ठेवण्याची सोय, साधी अवजारे आणि प्रशिक्षण असल्यास सुरक्षितपणे करता येते, आणि त्यात मनुष्याचा हात यंत्रापेक्षा सरस आहे. तेजाब आणि आच यांचे काम मात्र कोणत्याही स्थितीत घरात किंवा गल्लीत होता कामा नये. ते सुसज्ज कारखान्यातच व्हावे. यासाठी मजुराच्या सहकारी संस्थेला अखंड बोर्डाची अशी किंमत मिळाली पाहिजे की तो तेजाबात बुडविण्याचा मोहच उरू नये. हे अशक्य नाही, कारण ओबडधोबड पद्धतीत सोन्याचा बराच अंश वाया जातो आणि पॅलेडियमसारखे धातू हातीच लागत नाहीत. वाया जाणाऱ्या या संपत्तीचा वाटा मजुराला देऊनही कारखान्याच्या पदरात काही उरते.

विशेष म्हणजे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ई-कचऱ्याच्या २०१६ च्या आणि २०२२ च्या, दोन्ही नियमांत राज्य सरकारांवर स्पष्ट जबाबदारी टाकलेली आहे. औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा राखून ठेवावी, सुटे भाग करणाऱ्या आणि पुनर्चक्रण करणाऱ्या कामगारांची ओळख पटवून नोंदणी करावी, त्यांचे गट उभे करण्यास साहाय्य करावे, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि त्यांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची काळजी घ्यावी, असे त्यांत लिहिले आहे. आपल्या राज्यातील किती कामगारांची अशी नोंदणी झाली, किती गट उभे राहिले आणि किती भूखंड राखले गेले, याचा जाहीर हिशेब कामगार खात्याने आणि उद्योग खात्याने विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे.

महाराष्ट्राला तर यासाठी परक्या उदाहरणाची गरज नाही. मालक एक नाही, कामाची जागा रोज बदलते, म्हणून कामगार कायद्यांचा लाभ देता येत नाही, हेच उत्तर एके काळी हमालांना दिले जात होते. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी लढा उभारला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांचीही मंडळाकडे नोंदणी, मजुरीबरोबर मालकाकडून लेव्हीची वसुली, आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस व औषधोपचार, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. या कायद्याच्या नावाखाली काही ठिकाणी दंडेली झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावरून लाखो हमालांना मिळालेली प्रतिष्ठा खोटी ठरत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना पालिकेचे ओळखपत्र मिळाले, आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून अंगावर घेतले. जिला शहर कालपर्यंत चोर समजत होते ती शहराची सेविका आणि सहकारी संस्थेची सभासद झाली. या दोन परंपरा एकत्र आणल्या तर मार्ग दिसतो. प्रत्येक ई-कचरा प्रमाणपत्राच्या किमतीवर उत्पादकाकडून लेव्ही घ्यावी, ती त्रिपक्षीय मंडळाकडे जमा व्हावी, आणि तीतून भंगार सोडविणाऱ्या कामगाराचा विमा, त्याची वार्षिक रक्ततपासणी आणि त्याच्या मुलांचे शिक्षण यांची तरतूद व्हावी.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये टाकाऊ मालातून दुर्मीळ खनिजे मिळविण्याच्या उद्योगासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. म्हणजे आता राज्यकर्त्यांनाही या भंगाराची किंमत कळली आहे. मात्र त्या पैशाचा ओघ केवळ भांडवलदारांच्या यंत्रसामग्रीकडे वळला आणि मजुराच्या वाट्याला पूर्वीप्रमाणेच धूर राहिला, तर जनतेच्या पैशातून विषमतेचेच पुनर्चक्रण झाले असे म्हणावे लागेल.

तिसरे काम चळवळीने स्वतः हाती घ्यावयाचे आहे. १,००० किंवा त्याहून अधिक उपकरणे वापरणारी आस्थापनाच नियमांच्या भाषेत मोठी उपभोक्ता ठरते. तालुक्याच्या गावची शाळा, पतपेढी, छोटी ग्रामपंचायत या मापात बसत नाहीत, आणि त्यांच्या बंद खोल्यांत जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. शिक्षकांच्या संघटना, बँक आणि विमा कर्मचाऱ्यांच्या संघटना, पालिका कामगारांच्या संघटना, यांचे सभासद नेमक्या याच जागी काम करतात. आपल्या कार्यालयातील यंत्रे निर्लेखनानंतर कोणाला दिली गेली, ती कोणत्या कारखान्यात पोहोचली आणि ती ज्याने फोडली त्याला काय मजुरी मिळाली, असे तीन प्रश्न त्यांनी आपल्या व्यवस्थापनाला लेखी विचारावेत. लिलावात चढ्या बोलीऐवजी कामगारांच्या सहकारी संस्थेला प्राधान्य द्यावे, अशी मागणी वाटाघाटींच्या मागणीपत्रात घालावी. संघटित कामगार आणि असंघटित कामगार यांच्यातील दरी भाषणांनी भरून निघत नाही. ज्या टेबलावरच्या संगणकाने एकाला पगार दिला त्याच संगणकाने दुसऱ्याला रोग देऊ नये, यासाठी पहिल्याने दुसऱ्याच्या बाजूने उभे राहणे, ही ती दरी भरण्याची एक प्रत्यक्ष सुरुवात आहे.